कचारगडच्या वाटेवरील जुनीं वाहनें आणि त्यांच्या नोंदीचें दप्तर

ऐतिहासिक साधनांची गणना करतांना आपण सनदा, महजर, करीने, ताळेबंद, ताम्रपट आणि नाणीं यांचा उल्लेख करतों. मोटारीच्या नोंदणीचें पुस्तक या गणनेंत क्वचितच येतें. तें फार जवळच्या काळचें, छापील नमुन्यावरचें आणि घरोघरीं असणारें. त्यामुळें संग्राहकाची नजर त्यावर ठरत नाहीं. परंतु त्यांत काय असतें हें पाहिलें म्हणजे हा अनादर योग्य नव्हे हें ध्यानांत येतें. मालकाचें नांव व गांव, वाहनाची बनावट व घडणीचें साल, चॅसिसचा व इंजिनाचा क्रमांक, पहिल्या नोंदीची तारीख, पुढील प्रत्येक हस्तांतर, भरलेला कर, आणि या सर्वांवर अधिकाऱ्याची सही व शिक्का. एखाद्या वतनाच्या कागदांत आपण जें शोधतों तेंच येथें मोटारीच्या बाबतींत आयतें मांडलेलें असतें.

या पुस्तकाकडे आतांच लक्ष देण्याचें कारण असें कीं, सन २०२१ पासून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम बदलले आहेत व नोंद चालूं ठेवण्याचें शुल्क थोड्या वर्षांत अनेक पटींनीं चढलें आहे. या दोहोंचा परिणाम काय होईल, कोणतीं वाहनें इतिहासजमा होतील व कोणतीं नुसतीं भंगारजमा होतील, हें प्रस्तुत लेखांत एका लहान प्रदेशाच्या आधारें पाहावयाचें आहे. तो प्रदेश म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील कचारगड व त्याच्या भोंवतालचा मुलूख.

कचारगड हें सालेकसा तालुक्यांत धनेगांवाजवळच्या डोंगरांत आहे. येथील प्रशस्त नैसर्गिक गुहेस गोंड समाज आपल्या पूर्वजांचें स्थान मानतो. कली कंकाली मातेचीं मुलें या गुहेंत कोंडलीं गेलीं होतीं व पारी कुपार लिंगोनें जंगो रायताडच्या साह्यानें त्यांची सुटका केली, अशी परंपरागत कथा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथें मोठी यात्रा भरते व महाराष्ट्राखेरीज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादि राज्यांतून लोक येतात. यात्रेस हल्लींचें संघटित रूप सन १९८० नंतरच्या दशकांत आलें. गोंडी भाषेचे व संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांचा त्या कामीं मोठा वांटा होता. हा डोंगर महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड या तीन राज्यांच्या हद्दी जेथें एकमेकींजवळ येतात तेथें आहे, ही गोष्ट पुढील विवेचनांत महत्त्वाची ठरेल.

या भागांतील दळणवळणाचे थर स्थूल मानानें चार सांगतां येतात. पहिला थर बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. छत्तीसगडचें धान्य नागपुराकडे व मीठ उलट दिशेस असा व्यापार लमाणी बैलांच्या पाठीवर चाले. दुसरा थर बैलगाडीचा. विदर्भांत मालाच्या गाडीस बंडी म्हणतात, माणसांच्या प्रवासासाठीं हलकी रेंगी व तीहून ऐसपैस दमणी. नागपूर, भंडारा, रायपूर हा मोठा पूर्व मार्ग तयार झाल्यावर बंडीची धाव वाढली. तिसरा थर लोहमार्गाचा. नागपूर-छत्तीसगड हा मीटर मापाचा मार्ग १८८० नंतरच्या दशकांत झाला. सन १८८७ त स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो ताब्यांत घेऊन रुंद केला. सालेकसा व दरेकसा हीं स्थानकें याच मार्गावर आहेत. चौथा थर मोटारीचा. तो मात्र विसाव्या शतकांतला.

या चार थरांपैकीं कोणाचे कागद राहिले, हें पाहण्याजोगें आहे. तांड्याचा माग जकातीच्या हिशेबांत व दस्तकांत लागतो, कारण तेथें बैल व ओझें मोजलें जाई. रेल्वेचें दप्तर मोठें आहे. बंडीचा माग मात्र फारच पुसट. मध्य प्रांताच्या सन १९२२ च्या नगरपालिका कायद्यानें वाहनांवर व ओढीच्या जनावरांवर कर बसविण्याचा अधिकार नगरपालिकांस होता. त्यामुळें नगराच्या हद्दींत शिरलेल्या गाडीची कोठें तरी नोंद होणें शक्य होतें. खेड्यांतून खेड्यांत व खेड्यांतून यात्रेस जाणाऱ्या बंडीची नोंद घेण्याचें कोणासच कारण नव्हतें. ज्या वाहनानें कित्येक पिढ्या या मुलखाचें धान्य, लांकूड व माणसें वाहिलीं, तें कर भरीत नव्हतें म्हणून दप्तराबाहेर राहिलें. सरकारला ज्याच्यापासून पैसा मिळतो त्याचीच नोंद सरकार ठेवतें, हा नियम सर्व काळांत सारखाच दिसतो. मोटारीनें कर भरला म्हणूनच मोटारीचा इतिहास लिहितां येणें शक्य आहे.

आतां मोटारीच्या नोंदींकडे वळूं. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा पहिला मोटार कायदा सन १९१४ चा, आठव्या क्रमांकाचा. त्यानें मालकावर नोंदणीचें बंधन घातलें. तपशिलाचे नियम मात्र प्रांतिक सरकारांकडे सोंपविले. पुढें सन १९३९ चा चौथा कायदा आला व नोंदणीची पद्धति अधिक एकसारखी झाली. या कायद्याच्या २९ व्या कलमान्वयें एका प्रांतांत नोंदलेली गाडी दुसऱ्या प्रांतांत बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर तिला नवा क्रमांक घ्यावा लागे. सन १९८८ चा ५९ वा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्याच्या ४७ व्या कलमांत हीच तरतूद कायम आहे. या कायद्याच्या ४१ व्या कलमानें खासगी वाहनाच्या नोंदणीपत्राची मुदत १५ वर्षें ठरविली व पुढें पांच पांच वर्षांचें नूतनीकरण ठेवलें. कर हा विषय निराळा. मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा मोटार वाहन कर कायदा सन १९४७ चा. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्यानें सन १९५८ चा ६५ वा कायदा करून निरनिराळ्या भागांतील करांचे कायदे एक केले. तोच आज महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम या नांवानें चालतो.

या कायद्यांची कालगणना कचारगडच्या मुलखास लावून पाहावी. सन १९४९ मध्यें गोंदियाच्या एखाद्या गिरणीवाल्यानें मोटार घेतली असें समजूं. त्या वेळीं तो मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतांत, भंडारा जिल्ह्यांत राहात होता. २६ जानेवारी १९५० पासून त्याचा प्रांत मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भंडाऱ्यासह विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत आले. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा निराळा निघाला. गाडी घराच्या अंगणांतून हलली नाहीं. पण तिचें दप्तर चार राज्यनांवांखालून व दोन जिल्ह्यांतून गेलें. आज भंडाऱ्याच्या गाडीवर एम. एच. ३६ व गोंदियाच्या गाडीवर एम. एच. ३५ हीं अक्षरें असतात. हीं अक्षरें पाहून कोणी जुन्या गाडीचें मूळ ठरवूं लागेल तर तो फसेल. कारण हा साराच क्रम सन १९८८ च्या कायद्यानंतरचा आहे. त्यांतच शेजारचा बालाघाट जिल्हा १९५६ नंतरही मध्य प्रदेशांतच राहिला. पूर्वीं एकाच प्रांतांत असलेल्या या दोन बाजू निरनिराळ्या राज्यांत गेल्यावर, इकडून तिकडे विकलेल्या गाडीचा क्रमांक बदलणें क्रमप्राप्त झालें. क्रमांक बदलला कीं मागचा धागा तुटतो. तो जोडणारा एकच दुवा म्हणजे नोंदणीपुस्तकांतील पूर्वक्रमांकाची ओळ.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेऊन सन २०२१ चे नियम पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनें ८१ अ पासून पुढील नवे नियम घालण्यांत आले. तोंपर्यंत जुन्या संग्राह्य वाहनांसाठीं देशभर एकच अशी पद्धति नव्हती. नव्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें आणि चॅसिस, बाह्य कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेलें वाहन 'विंटेज' ठरतें. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें व नंतरच्या नोंदणीचें शुल्क ५,००० रुपये. अर्जासोबत विम्याचा कागद, परदेशांतून आणलेल्या गाडीचें सीमाशुल्काचें पत्र आणि आधींची नोंद असल्यास जुनें नोंदणीपत्र जोडावें लागतें. पूर्वीं नोंदलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक ठेवतां येतो. नव्यानें नोंदलेल्या गाडीस राज्याच्या अक्षरांपुढें व्ही. ए. हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. अशी गाडी प्रदर्शन, शास्त्रीय संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या अथवा धंद्याच्या वापरास मनाई आहे. विक्री झाल्यास उभयतांनीं ९० दिवसांत कळवावयाचें असतें.

या नियमांत मूळ क्रमांक राखण्याची सवलत ही संशोधकाच्या दृष्टीनें मोलाची गोष्ट आहे व तिचें श्रेय नियमकर्त्यांस दिलेंच पाहिजे. क्रमांक हा गाडीचा शिलालेख होय. मूर्ति हलविली व तिच्या बैठकीवरील लेख तेथेंच राहिला तर जें होतें तेंच क्रमांक गेल्यानें गाडीचें होतें.

परंतु याच नियमांची व्याप्ति पाहिली म्हणजे चिंता वाटूं लागते. 'विंटेज' हें नांव फक्त दुचाकीस व माणसें वाहणाऱ्या खासगी चारचाकीस आहे. त्या चारचाकींतही चालकाखेरीज आठांहून अधिक बैठकी नकोत. मालमोटार या व्याख्येंत नाहीं. प्रवासी बस नाहीं. ट्रॅक्टर नाहीं. आतां गोंदिया-सालेकसा भागाचा विसाव्या शतकांतला इतिहास कोणत्या वाहनांनीं घडविला? तेंदूपानांचीं पोतीं, बांबू, लांकूड, धान व गिरणींतला तांदूळ मालमोटारीनें वाहिला. जंगलांतल्या खेड्यांस बाजार, दवाखाना व शाळा यांच्याशीं बसनें जोडलें. शौकानें ठेवलेली मोटार या भागांत विरळाच. म्हणजे ज्या जातीचीं वाहनें या मुलखांत थोडीं, त्यांनाच कायद्यानें इतिहासांत जागा दिली. आणि जीं येथें सर्वत्र होतीं तीं कितीही जुनीं झालीं तरी कायद्याच्या दृष्टीनें ऐतिहासिक होऊं शकत नाहींत.

एक वाहन मात्र व्याख्येंत बसेल असें वाटतें. तें म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या उरलेल्या जीपगाड्या विकल्या गेल्या. पुढें महिंद्र कंपनीनें विलीज नमुन्याची जीप देशांत जुळविण्यास आरंभ केला, व डोंगराळ रस्त्यांस ती मानवली. पण येथें दुसरी अडचण उभी राहते. पेट्रोल महाग पडूं लागल्यावर देशभर अशा जीपमधून मूळ पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसविण्याची चाल पडली. हा बदल मालकानें हौसेनें केलेला नव्हे. गाडी चालूं राहावी म्हणून केलेला. नियमाच्या अक्षराप्रमाणें हा इंजिनांतील मोठा फेरबदल होय व त्यामुळें अशी जीप विंटेज ठरत नाहीं. वस्तुतः ग्रामीण भागांतील वाहनाचा इतिहास हा दुरुस्तीचाच इतिहास आहे. जुन्या पोथीचें पान फाटलें व नव्या हातानें तें लिहून जोडलें तर आपण पोथी टाकून देत नाहीं. कोणतें पान कोणत्या हाताचें तें टिपतों. वाहनाच्या बाबतींतही तसेंच करणें योग्य.

बसची गोष्ट याहून कठीण. मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली. नागपूरकडे त्या वेळीं प्रोव्हिन्शियल ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस या नांवाची निराळी सेवा होती; पुढें सन १९६१ मध्यें झालेल्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळांत ती मिळाली. या निराळ्या सेवेच्या गाड्यांचे क्रमांक, मार्ग व वेळापत्रकें हा विदर्भाच्या इतिहासाचा भाग आहे. परंतु १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनें घातलेल्या ५२ अ या नियमान्वयें सरकारी खातीं, नगरपालिका, सार्वजनिक उपक्रम व राज्य परिवहन संस्था यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालूं राहात नाहीं. तेव्हां सरकारी बस पन्नास वर्षांची होण्याचा प्रश्नच उरत नाहीं. ती पंधराव्या वर्षींच दप्तरांतून जाते.

आतां शुल्काकडे पाहूं. १ एप्रिल २०२२ पर्यंत १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदीच्या नूतनीकरणास ६०० रुपये व मोटारसायकलीस ३०० रुपये पडत. त्या दिवसापासून हे आंकडे अनुक्रमें ५,००० व १,००० झाले. विलंबास दरमहा मोटारसायकलीस ३०० व इतर वाहनांस ५०० रुपये असा जादा आकार ठरला. ऑगस्ट २०२५ मध्यें २० वर्षांवरील वाहनांसाठीं स्वतंत्र दर आले: मोटारसायकलीस २,००० रुपये, हलक्या मोटारीस १०,००० रुपये, परदेशांतून आणलेल्या दुचाकीस २०,००० व चारचाकीस ८०,००० रुपये. हे झाले केंद्राच्या नियमांचे दर. त्याखेरीज महाराष्ट्रांत सन २०१० पासून १५ वर्षांवरील खासगी वाहनांवर पर्यावरण कर आहे. तो पांच वर्षांस मोटारसायकलीस २,०००, पेट्रोल मोटारीस ३,००० व डिझेल मोटारीस ३,५०० रुपये असा ठरविला गेला.

या आंकड्यांचा अर्थ एका हिशेबानें उघड होतो. पेट्रोलवरील साधी मोटार विंटेज होण्यास पन्नास वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पंधराव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिची नोंद सात वेळां नवी करावी लागेल. वरील दरांनीं पहिल्या वेळीं ५,००० व पुढील सहा वेळां प्रत्येकीं १०,००० म्हणजे ६५,००० रुपये, आणि सात वेळांचा पर्यावरण कर २१,००० रुपये; मिळून ८६,००० रुपये. यांत विमा, दुरुस्ती व विलंबाचा आकार धरलेला नाहीं. इतकें भरल्यावर पन्नासाव्या वर्षीं २०,००० रुपये देऊन ती ऐतिहासिक ठरणार. मालमोटारीचा हिशेब तर याहून भारी. धंद्याच्या वाहनास आठ वर्षांनंतर दरवर्षीं योग्यतेचा दाखला लागतो. १५ वर्षांवरील अवजड मालमोटारीस वा बसला या दाखल्याचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,५०० रुपयांवरून १२,५०० रुपये झालें. त्या दरानें पंधराव्यापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत ३५ दाखल्यांचे ४,३७,५०० रुपये होतात, आणि एवढें करूनही ती विंटेज ठरत नाहीं ती नाहींच.

म्हणून मध्यम स्थितीचा मालक काय करील हें सांगावयास नको. तो गाडी मोडींत देईल. २३ सप्टेंबर २०२१ च्या नियमांनीं मोडीच्या कामासाठीं नोंदणीकृत केंद्रें ठरविलीं आहेत. तेथें गाडी दिल्यावर तिची नोंद रद्द होते, आणि चॅसिसवरील क्रमांकाचा कापलेला तुकडा मूळ नियमांप्रमाणें सहा महिने जपून ठेवावयाचा असतो. सहा महिन्यांनंतर ती वस्तु गेली. श्रीमंत संग्राहकाची परदेशी मोटार राहील. तिचें छायाचित्रही निघेल. सालेकशाच्या व्यापाऱ्याची मालमोटार व आमगांवच्या डॉक्टरची जुनी मोटार यांचा मागमूस राहणार नाहीं. पन्नास वर्षांनंतरचा इतिहासकार उरलेल्या नमुन्यांवरून विसाव्या शतकांतील महाराष्ट्र रंगवूं लागला तर त्यास तो सारा संस्थानिकांचा व कारखानदारांचाच वाटेल.

यावर एक आक्षेप निघेल, व तो दुर्लक्षण्याजोगा नाहीं. जुनें इंजिन अधिक धूर सोडतें. जुने ब्रेक धोक्याचे असतात. यात्रेच्या गर्दींत घाटाच्या रस्त्यावर जीर्ण मालमोटारींत माणसें भरून नेणें हा जीवाशीं खेळ आहे. हें सर्व खरें, आणि नित्य वापरांतील जीर्ण वाहनांवर चढता आकार बसविण्यास कोणी हरकत घेऊं नये. परंतु धूर हा गाडी चालविल्यानें होतो, गाडी जुनी असल्यानें नव्हे. जी मालमोटार वर्षांतून दोन दिवस प्रदर्शनास निघेल व उरलेले दिवस छपराखालीं उभी राहील, तिच्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा आकार बसविण्यास हें कारण पुरत नाहीं. विंटेज मोटारीच्या बाबतींत नियमकर्त्यांनीं हाच विचार मान्य केला आहे: वापर मर्यादित करा व शुल्क दहा वर्षांतून एकदां घ्या. तोच विचार मालमोटारीस व बसला लावावा एवढेंच मागणें आहे.

या बाबतींत इंग्लंडची रीत पाहण्यासारखी आहे. तेथें ४० वर्षांवरील वाहनास करमाफी आहे, आणि धंद्यासाठीं न वापरलेल्या जुन्या मालमोटारीही तींत येतात. आपल्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाची गोष्ट दप्तराची. सन १९०३ च्या कायद्यान्वयें १ जानेवारी १९०४ पासून तेथें परगण्यांच्या व शहरांच्या कौन्सिलांनीं मोटारींची नोंद ठेविली. सन १९७४ पासून हें काम स्वान्सी येथील मध्यवर्ती कार्यालयाकडे गेलें व १९८३ पर्यंत ज्यांनीं जुनी नोंद तिकडे वळविली नाहीं त्यांच्या गाड्यांचे क्रमांक नव्या दप्तरांत आले नाहींत. पण कौन्सिलांच्या जुन्या नोंदवह्यांपैकीं पुष्कळ त्या त्या परगण्याच्या अभिलेखागारांत ठेवण्यांत आल्या. आतां कोणास पडीक कोठारांत जुनी गाडी सांपडली तर तो जुनें पुस्तक वा त्या नोंदवहीचा उतारा पुरावा म्हणून दाखवितो व मूळ क्रमांक परत मिळवितो. नोंदवही जपली म्हणून गाडीची ओळख जपली गेली.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. नियमाप्रमाणें पन्नास वर्षें पहिल्या नोंदीपासून मोजावयाचीं. आज जीं वाहनें या मुदतींत बसतात तीं सन १९७५ च्या आसपासचीं वा त्यापूर्वींचीं. त्या काळीं गोंदिया जिल्हाच नव्हता. म्हणजे कचारगडच्या परिसरांतील प्रत्येक पात्र वाहनाचा जन्मदाखला दुसऱ्या जिल्ह्याच्या, आणि १९५६ पूर्वींचा असल्यास दुसऱ्या राज्याच्या नांवानें निघालेला आहे. मालकाजवळचें पुस्तक वाळवीनें खाल्लें तर हल्लींच्या संगणकीय नोंदींवर भिस्त ठेवून चालत नाहीं. कारण वापरांतून गेलेल्या व कर थकलेल्या जुन्या गाड्या तींत चढविल्या गेल्या असतीलच असें नाहीं. मग उरते ती जुनी हातानें लिहिलेली नोंदवही, आणि तीच आपल्या जतनाचा मुख्य विषय झाली पाहिजे.

या विवेचनावरून चार गोष्टी सुचतात. पहिली, परिवहन कार्यालयांतील सन १९८९ पूर्वींच्या नोंदवह्या व कराच्या खतावण्या रद्दींत न काढतां त्या पुराभिलेखागारांत द्याव्या. महाराष्ट्राचा सन २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम याच हेतूसाठीं आहे व विदर्भाच्या कागदांसाठीं नागपूर येथें शासनाचें अभिलेखागार आहेच. भंडाऱ्याच्या जुन्या वह्यांपासून आरंभ करावा, कारण गोंदियाचा पूर्वकाळ त्यांत आहे. दुसरी, विंटेजच्या व्याख्येंत मालमोटार, बस व ट्रॅक्टर यांचा समावेश व्हावा, वापर मात्र प्रदर्शनापुरताच राहावा. आणि फार पूर्वीं बदललेलें इंजिन नोंदणीपुस्तकांत रीतसर दाखल असेल तर तेवढ्यावरून गाडी अपात्र ठरूं नये. तिसरी, मूळ पुस्तक गहाळ झाल्यास नोंदवहीचा उतारा, कराची पावती, विम्याचा कागद वा तारखेचें छायाचित्र हा दुय्यम पुरावा ग्राह्य धरावा. चौथी, जें वाहन रस्त्यावर येणारच नाहीं असें मालक लिहून देईल त्याची नोंद अल्प शुल्कांत जिवंत ठेवण्याची सोय असावी.

हें सर्व सरकारच्या हातचें. आपल्या हातचें काम निराळें आहे व त्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. पोथ्यांच्या शोधांत आपण जुन्या वाड्यांतून व माळ्यांवरून हिंडतों. तेथेंच एखाद्या पेटींत गाडीचें जीर्ण पुस्तक, पितळेची वा पत्र्याची क्रमांकाची पाटी, कराची टोकनें, पंपाच्या पावत्या, मालमोटारीच्या खेपांची वही, परवान्यावरील ठराविक मार्गांचीं नांवें असे कागद पडलेले असतात. ते उचलावे, निदान त्यांची नक्कल करावी. नक्कल करतांना पूर्वक्रमांक, नवा क्रमांक व तो बदलल्याची तारीख हीं तीन कलमें अवश्य टिपावीं, कारण सीमाप्रदेशांतील गाडीचा माग त्यांवांचून लागत नाहीं. जिवंत व्यक्तींचीं नांवें व पत्ते प्रसिद्ध करतांना त्यांची संमति घ्यावी. आणि ज्या घरीं बंडी, रेंगी वा दमणी अद्याप उभी आहे तेथें तिचीं मापें, लांकडाची जात व भागांचीं स्थानिक नांवें लिहून घ्यावीं. तिला कधींच क्रमांक नव्हता, म्हणून तिचें नोंदणीपुस्तक आपल्यालाच लिहावें लागणार आहे.

कचारगडच्या यात्रेस पूर्वीं जे गेले ते पायीं वा बंडीनें गेले. नंतरचे आगगाडीनें दरेकशास वा सालेकशास उतरून गेले. त्यानंतरचे बसमधून व मालमोटारींतून. यांपैकीं पहिल्यांचा कागद नाहीं. शेवटच्यांचा आहे, पण तो रद्दीच्या भावानें जाण्याच्या बेतांत आहे. येत्या माघी पौर्णिमेपूर्वीं मंडळाच्या गोंदिया, भंडारा व बालाघाट भागांतील सभासदांनीं प्रत्येकीं निदान एका जुन्या नोंदणीपुस्तकाची नक्कल मंडळाकडे पाठविली, तरी या दप्तराचा आरंभ होईल.